फुलक्यांची फेरी

होळीचा दिवस. चारुलता सरमंडलच्या स्वयंपाकघरात तवा तापलेला, आणि पुरणपोळ्या लाटायला बसला होता तिचा दीर. हा तमाशा बघायला शेजारच्या दोघी दारातच थबकल्या होत्या.

"काय धवल भिया, बायको आली की तिलाही लाटून देणार का?"

"तिला लाटता येत असेल तर मी भाजीन! आपण तयार आहोत," धवल म्हणाला. नाकावर पीठ, कपाळावर पीठ. त्याच्या पोळीला देवास जिल्ह्याच्या नकाशाचा आकार आला होता, उदयनगरच्या बाजूला जरा जास्तच फुगलेला.

तेव्हा तो नुकताच कॉलेजातून बाहेर पडला होता आणि कुठंच टिकत नव्हता. चारुलता मात्र देवासात सयाजी गेटमागच्या गल्लीत कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान चालवत होती. माहेर धरमपुरीचं, वडील शाळामास्तर. शाळेत आलेला पहिला कॉम्प्युटर बिघडला तेव्हा इंदूरहून माणूस येईपर्यंत कुणाला धीर धरवेना. मास्तरांच्या मुलीनं तो उघडला आणि चालू केला. तेव्हापासून उघडण्याची भीती गेली ती गेलीच. लग्न होऊन आली तेव्हा धवल अर्ध्या चड्डीतला. हिंदी शाळेत जाणारा, मराठी वाचताना अडखळणारा. आरतीचं पुस्तक बोटाखाली धरून तिनंच त्याला वाचायला शिकवलं. तरी हाक मारायची ती 'भाऊजी' म्हणूनच. सरमंडलांकडे दीर पाळण्यात असला तरी भाऊजीच असतो.

"वहिनी, एक सांगा," लाटता लाटता धवल म्हणाला. "गेमच्या मशीनमध्ये तुम्ही प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांची जोडी बघत बसता. कशाला? मोठं कार्ड टाकलं की झालं ना?"

"तुम्ही आत्ता काय करताय?"

"बेइज्जती करून घेतोय."

"लाटताय. आणि मी भाजतेय. प्रोसेसर म्हणजे लाटणारा. गेममध्ये कोण कुठं उभा आहे, कोण पळाला, गोळी कुणाला लागली, हे सगळं ठरवून तो एकेक पोळी कार्डाच्या हातात देतो. कार्ड ती भाजतं, म्हणजे रंगवून पडद्यावर टाकतं. एका सेकंदात ताटात किती पडल्या, तो तुमचा फ्रेम रेट."

"आणि लाटणारा ढिला असला तर?"

"तर तवा नुसताच तापत बसेल. मग तो केवढाही मोठा आणा."

धवलनं हातातलं लाटणं थांबवलं. "पण मी तर ढिलाच आहे. तुमचा तवा कुठं रिकामा बसलाय?"

चारुलतानं त्याच्याकडे वळून पाहिलं. पोरगं हुशार आहे, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आणि तिला फार आनंद झाला. पुढं कितीतरी वेळा तिला तो आनंद आठवणार होता.

"कारण ही पुरणपोळी आहे, भाऊजी. हिला भाजायलाच वेळ लागतो. त्यात तुमचा ढिलेपणा झाकून जातो. गेमचंही तसंच. पाण्यातली सावली, गवताचं पातं न पातं, सगळा शृंगार चालू ठेवला की कार्डालाच इतकं काम पडतं, की मागचा प्रोसेसर दुबळा आहे हे कळतच नाही. आता फुलके लाटा, म्हणजे दाखवते."

तिनं कणीक पुढं सरकवली. फुलका तव्यावर पडला की लगेच फुगून बाहेर. धवल घामाघूम झाला, तव्यातून धूर निघाला आणि दारातल्या दोघी हसून हसून खाली बसल्या.

"समजलं?"

"समजलं, वहिनी. जन्मात नाही विसरणार."

त्यानं शब्द पाळला. तो विसरला नाही.

त्या दिवसापासून दुकानात रीतच पडली. मशीन तयार झालं की गिऱ्हाइकासमोर दोन फेऱ्या. पहिली पुरणपोळीची. सगळा शृंगार चालू करून गेममधल्या एका ठरलेल्या पुलावरून, ठरलेल्या बाजारातून चालत जायचं आणि पडद्याच्या कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा बघायचा. मग दुसरी, फुलक्यांची. शृंगार उतरवायचा, चित्र साधं करायचं आणि तीच वाट पुन्हा चालायची. आकडा टुणकन वर उडाला तर जोडी जमली. जागचा हलला नाही तर समजावं, कार्ड हात बांधून बसलंय आणि प्रोसेसरला धाप लागलीय. ईर्षेनं खेळणारी मुलं सगळा शृंगार उतरवूनच खेळतात, त्यामुळं त्यांच्यासाठी हीच फेरी खरी. एका काकांनी तर विचारलं होतं, "बाई, यात पत्रिकाही बघता का?" चारुलता म्हणाली होती, "पत्रिकेत फुलक्याची फेरी असती तर किती संसार वाचले असते!"

मग तिच्या कमरेनं दगा दिला. मणका सरकला. तासन् तास स्टुलावर बसणं डॉक्टरांनी बंद केलं. दुकान धवलकडे आलं. ती घरून फोनवर जोड्या सांगायची.

"वहिनी, एक पोरगा आलाय. नेमबाजीचा गेम खेळतो. काय देऊ?"

"त्याला कार्ड मधलं चालेल, पण प्रोसेसर चांगला द्या. आणि ते जुने प्रोसेसर पडलेत ना, ते परत पाठवा. मोठ्या कार्डाला लावू नका."

"हो वहिनी."

"दोन्ही फेऱ्या करा."

"वहिनी, हे काय सांगायला पाहिजे?"

नवरा भास्कर सरदारपूरच्या बँकेत. शनिवारी घरी यायचा. तो म्हणायचा, "नशीबवान आहेस. लोकांचे दीर वाटण्या मागतात, तुझा दुकान सांभाळतो." तिलाही तसंच वाटायचं. त्यातच धवलनं धारला घोडा चौपाटीजवळ गेमिंग कॅफे उघडायचं ठरवलं, तेव्हा देवापुढं साखर ठेवली ती तिनंच.

उद्घाटन आठवड्यावर आलं आणि समोरच्या घरातली ऋतिका आली. एकोणीस वर्षांची. राज्याच्या मुलींच्या टीमसाठी घरूनच ऑनलाइन चाचणी देणार होती, म्हणून चारुलताच्या सांगण्यावरून तिच्या बाबांनी मशीन घेऊन दिलेलं. पोरगी दारातच उभी राहिली. आत येईना.

"अगं ये ना. झाली का चाचणी?"

"झाली. मी बाहेर झाली, मावशी." ऋतिकाचं मराठी रागात असलं की हिंदीच्या अंगणात जाऊन खेळायचं. "धुआं टाकला समोरच्या टीमनं, चार जणी एकदम अंगावर आल्या, और मेरा स्क्रीन झटके खाऊन राहिला! मी गोळी चालवली तोपर्यंत मी मेलेली. सगळ्या हसल्या. कोच बोलले, बेटा, आधी मशीन ठीक कर."

"असं कसं होईल? तुझ्यासाठी तर मी..."

"तेच तर! मी बाबांना बोलली होती, मावशीनं जोडी जमवलीय, आँख बंद करून घ्या."

चारुलता कमरेला पट्टा बांधून तिच्या घरी गेली. मशीन चालू केलं. पहिली फेरी सुरेख. बाजार झगमगला, आकडा नव्वदीत ठाम.

"बघ, छान तर..."

"दुसरी करा, मावशी."

तिनं शृंगार उतरवला. तीच वाट चालली. आकडा दोनशेच्या पार जायला हवा होता. तो नव्वदीतच बसून राहिला, आणि ऋतिकानं धुरातली चकमक लावताच घसरून खाली आला. तिनं प्रोसेसरचं नाव उघडून पाहिलं. परत पाठवायला सांगितलेल्यांपैकीच एक.

"दुकानात दुसरी फेरी केली होती भाऊजींनी?"

"नाही. बोलले, वहिनी आता एकच करायला सांगतात."

"आणि हा प्रोसेसर?"

"बिलात हाच लिहिलाय. मी विचारलं होतं. धवलकाका बोलले, वहिनीनंच सांगितलंय, तुझ्यासाठी खास." ऋतिकानं तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही नव्हतं सांगितलं?"

चारुलताच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. पण 'नाही' म्हणायचं म्हणजे घरातला माणूस चोर ठरवायचा. "बघते मी," एवढंच ती म्हणाली, आणि पोरीच्या डोळ्यांत काहीतरी विझलेलं तिला स्पष्ट दिसलं.

शनिवारी भास्कर आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चहात बिस्कीट बुडवलं.

"अगं, चूक झाली असेल. त्याच्या मागं कॅफेची केवढी धावपळ. उद्घाटन होऊ दे, मग बोलू."

"चूक एका मशीनची होते. दुसरी फेरीच बंद करणं ही चूक होईल का?"

"त्याला तुझ्याइतकं कुठं कळतं?"

हे तिला पटलं. पटवून घेतलं म्हणा. नसेल कळलं त्याला. होळीच्या दिवशी मान हलवली असेल नुसती. माणसं मान हलवतातच. धवल अडाणी निघावा, अशी प्रार्थना करत ती दुसऱ्या दिवशी सकाळी धारला जायला भास्करच्या गाडीत बसली.

कॅफे नव्या नवरीसारखा सजला होता. झेंडूची तोरणं, निळे दिवे, ओळीनं मशीनं. कचोरीचा वास. धवलनं वाकून नमस्कार केला, खुर्ची आणली, कमरेमागं उशी ठेवली. मग हातात माईक घेतला.

"आज मी जे काही आहे, ते माझ्या वहिनीमुळं. मला वाचायला यांनी शिकवलं. प्रोसेसर काय, कार्ड काय, सगळं यांच्या स्वयंपाकघरात शिकलो. वहिनी, पहिला गेम तुमच्या हातानं!"

टाळ्या पडल्या. चारुलता उठली आणि पहिल्या मशीनसमोर बसली. कार्ड ऋतिकाच्या मशीनमधल्यासारखंच, तिनं ओळखलं. तोच पूल, तोच बाजार. पहिली फेरी. आकडा नव्वदीत. लोक 'वा' म्हणाले.

तिनं शृंगार उतरवायला घेतला. 'इथंही हलू नको,' ती आकड्याला मनात म्हणत होती. 'इथंही नव्वदीतच राहा. म्हणजे याला खरंच कळत नाही असं होईल. मी पुन्हा शिकवीन.'

आकडा उडाला. दोनशे ओलांडून गेला, आणि बाजाराच्या ऐन गर्दीतही तिथंच राहिला. एक झटका नाही. इतकी सुरेख जोडी तिनं स्वतःसुद्धा क्वचित जमवली होती.

ती शेजारच्या मशीनवर बसली. तिथंही तेच. तिसऱ्याजवळ तिनं फक्त प्रोसेसरचं नाव पाहिलं. ऋतिकासाठी तिनं सांगितला होता, तो.

"कसं आहे, वहिनी?" धवल खाली वाकला. चेहऱ्यावर अजून माईकवरचं हसू होतं.

"उत्तम आहे. एकही फुलका करपला नाही."

हसू गेलं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, इथं नको."

"मग कुठं? माझ्या दुकानात? तिथं तर तुम्ही फेरीच बंद केलीत."

"गिऱ्हाईक कार्डाचंच नाव विचारतं. मोठं कार्ड सांगितलं की खूश. जुने प्रोसेसर पडून होते, ते खपवले. चांगले मुळातच कमी येत होते, ते इथं लागले. मी कुणाला खोटं दिलं नाही. बिलात जे लिहिलं, तेच दिलं."

"आणि माझं नाव? ते कुठल्या बिलात होतं?"

"लोक तुमचंच नाव ऐकून घेतात, वहिनी. मी दुसरं काय सांगणार होतो?" असं म्हणताना त्याला खरंच प्रश्न पडलेला दिसला. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. तेवढ्यात कुणीतरी प्रसादाचा पेढा पुढं केला. तिनं तो घेतला आणि कीबोर्डशेजारी ठेवून दिला.

परतताना गाडी भास्कर चालवत होता. ती म्हणाली, "तुम्हाला धक्का बसलेला दिसत नाही."

भास्करनं समोरच्या ट्रकला उगीच हॉर्न दिला.

"अहो."

"त्यानं मला सांगितलं होतं. दिवाळीतच. मी म्हटलं, वहिनीच्या कानावर घाल. तो म्हणाला, कॅफे उभा राहू दे, मग सांगतो. धाकटा भाऊ आहे, चारू. एकदा उभा राहिला की..."

"ऋतिकाचं मशीन दिवाळीनंतर गेलं."

"हो."

"तुम्हाला माहीत असताना गेलं."

"मला काय कल्पना, त्या पोरीची चाचणी..."

"मशीन घ्यायच्या आधीच मी सांगितलं होतं तुम्हाला. याच गाडीत."

तिनं काच खाली केली. इतकी वर्षं ती जोड्या जमवत होती, आणि घरात सगळा शृंगार चालू ठेवूनच बघत आली होती.

घरी पोचल्यावर तिनं आपलं स्वतःचं मशीन उघडलं. त्यातला प्रोसेसर ऋतिकाच्या बोर्डावर बसणारा होता. तो काढला, डबीत ठेवला, समोरच्या घरी गेली. "कंबर सांभाळ," भास्कर मागून म्हणाला. तिनं वळून पाहिलं नाही.

"त्या दिवशी विचारलं होतंस, ऋतिका. नाही, ती जोडी मी सांगितली नव्हती. धवलनं माझं नाव लावून दिली." भाऊजी हा शब्द गळून पडल्याचं तिच्या नंतर लक्षात आलं. "आणि मी त्याच दिवशी 'नाही' म्हणाले नाही, तो माझा दोष. उद्यापासून दुकानात बसणार आहे. ज्यांची दुसरी फेरी राहिलीय, त्या सगळ्यांना मशीन घेऊन बोलावणार आहे."

"कमर?"

"उभ्यानं करीन."

तिनं जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, वर पंखा आवळला. पहिली फेरी. दुसरी. आकडा उडाला आणि वर जाऊन थांबला. ऋतिकानं धुरात शिरून पाहिलं, गर्दीत वळून पाहिलं. झटका नाही. क्षणभर तिचा चेहरा उजळला, आणि मग पडला.

"चाचणी तर गेली ना, मावशी."

"गेली."

ऋतिकानं फोन पुढं केला. "धवलकाकांचा मेसेज आलाय. कॅफेची टीम बनवून राहिले. बोलले, ये, सगळ्यात भारी मशीन तुला देतो." ती चाचरली. "जाऊ का?"

चारुलतानं तो जुना प्रोसेसर डबीत टाकला आणि झाकण लावलं.

"जा. मशीन चांगलं आहे तिथलं," ती म्हणाली. "ते त्याला मीच शिकवलंय."