किल्लीमामांची पिशवी

माझ्या मामांचं खरं नाव आता बहुधा चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीतच उरलं असेल. बाकी सगळे त्यांना किल्लीमामा म्हणतात, अगदी फादरसुद्धा. बाजाराच्या रस्त्यावर एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे किल्ल्या कापायचं यंत्र, एक स्टूल आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. दुसरं माणूस आत आलं की मामांना बाहेर यावं लागतं.

कुलूप उघडताना मामा डोळे मिटून घेतात. बारीक तारेचा आकडा आत सरकवतात, कान दाराला लावतात आणि वाट बघतात. कुलूप फोडणं त्यांना मंजूर नाही. त्यांच्या कातडी पिशवीत हातानं फिरवायचं ड्रिल आहे, पण ते बाजूच्या कप्प्यात, बक्कल लावून ठेवलेलं. "ड्रिल काढलं म्हणजे आपण हरलो," असं ते म्हणतात. एकोणीस वर्षांत तो कप्पा उघडावा लागलेला नाही, हे ते कुणी न विचारता सांगायचे. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की मामांनी तोंड उघडलं की मीच आधी "एकोणीस वर्षं" म्हणून मोकळी व्हायचे.

मामींना चार वर्षांपूर्वी विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग शेजारणींची नावं, मग गॅस बंद करायचं. डॉक्टर म्हणाले, हा आजार मागे फिरत नाही, पुढेच जातो. मामांनी पत्ता विचारून घेतल्यासारखी मान हलवली आणि घरी येऊन चहा केला. त्यांना मूलबाळ नाही. जवळचं म्हणावं असं माणूस मीच, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी भाची.

यंदा ऑक्टोबरात मामी सकाळी गाऊनवरच घराबाहेर पडली. दुपारी बसथांब्यावर सापडली. एका अनोळखी बाईचा हात धरून तिला सांगत होती, "मला घरी सोड ना, आई वाट बघत असेल." मामींची आई जाऊन तीस वर्षं झाली. मामांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "बाहेरून कुलूप लावून जात जा. तुमच्याइतकं पक्कं कुलूप कोण बसवणार?" ही अक्कल माझी. मी शाळेच्या ऑफिसात काम करते. दिवसभर लोकांना काय करायचं ते सांगायची सवय झाली आहे, आणि जिभेला हाड नाही.

तिसऱ्या दिवशी मामांनी स्वतःच्या घराच्या दाराला बाहेरून कुलूप बसवलं. त्यात इतकं तेल घातलं की फिरवताना आवाज येऊ नये. दुसरी किल्ली वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईंना दिली. दुपारी त्या खाली येऊन मामींना जेवू घालायच्या. मामा दिवसभर लोकांची दारं उघडत बसायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचं उघडायचे. दुकानात पूर्वी शीळ घालायचे, ती बंद झाली.

आमच्या चर्चमध्ये एक रीत आहे. गव्हाणीतला बाळ येशू वर्षभर चर्चमध्ये राहत नाही, एका घरी राहतो. लाकडी, वीतभर लांब, उजव्या हाताचं एक बोट तुटलेला. एकतीस वर्षं तो मामींकडे आहे. डिसेंबर लागला की मामी त्याला कपाटातून काढायची, नवं अंगडं शिवायची, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर गव्हाणीत निजवायची. तिनं निजवल्याशिवाय गाणं सुरू होत नाही. बाकी सगळं विसरली तरी मामी हे विसरली नव्हती. गेल्या वर्षी तिला माझं नाव सांगता आलं नाही, पण बाळाला निजवताना मान कुठं धरायची ते तिच्या हातांना पाठ होतं. मी त्या एका गोष्टीवर वर्षभर तग धरून होते. मामांचं तर बोलायलाच नको.

यंदा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मामांनी बाळ काढून तिच्या मांडीवर दिला. ती दिवसभर त्याला घेऊन बसली. सुई ओवता येईना म्हणून शिवणं राहिलं. मग आठ-दहा दिवसांनी मामांच्या लक्षात आलं, बाळ कुठं दिसत नाही.

आम्ही घर उलथंपालथं केलं. तांदळाचा डबा, उशांचे अभ्रे, धुण्याचं यंत्र, संडासाची टाकीसुद्धा. मामांचा एक मफलर हरवला होता, तोही सापडला नाही. मामींना विचारलं की ती बोट ओठांवर ठेवायची. "हळू बोला. निजलाय तो."

"कुठं निजलाय गं मामी?" मी शंभरदा विचारलं.

"त्याच्या जागी," ती म्हणायची आणि माझ्याकडं अशी बघायची जशी मीच काहीतरी विसरले आहे.

एकदा मी चिडले. खोटं कशाला सांगू, तिच्या अंगावर ओरडले. ती रडली नाही, घाबरून दाराकडे गेली आणि कडी हलवत राहिली. दार मीच आतून लावलेलं होतं, तिला ते उघडेना. मामा आतल्या खोलीतून आले, त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाले, "तू घरी जा आता. उद्या ये." मला आजवर त्यांनी कधी घालवून दिलं नव्हतं.

फादर समजूतदार आहेत. म्हणाले, "किल्लीमामा, जिवाला लावून घेऊ नका. नाही मिळाला तर दुकानातून दुसरा आणू. आणि पुढच्या वर्षापासून गाणी बसवणाऱ्या बाई सांभाळतील. त्या कधीपासून म्हणताहेत."

"प्लास्टिकचा?" मामांनी विचारलं.

"आजकाल चांगले मिळतात," फादर म्हणाले.

घरी येताना मामा मला म्हणाले, "मी रोज प्रार्थना करतो, पण काय मागायचं तेच कळत नाही. बाळ मिळू दे म्हणू की हिला आठवू दे म्हणू? दोन्ही मागायला लाज वाटते." आम्ही दोघांनीही हात टेकले होते.

नाताळच्या आदल्या दिवशी मी सकाळपासून मामींजवळ होते. दुपारी तीनला मामांना निरोप आला. चौकापलीकडच्या इमारतीत एक बाई दार ओढून बाहेर पडल्या, किल्ली आत राहिली आणि शेगडीवर दूध. मामा पिशवी उचलून गेले. मी मामींचे केस विंचरले आणि तिला चर्चला जायचा निळा झगा घातला. प्लास्टिकचा बाळ तिच्या हातात दिला तर ती काय करेल, हाच विचार डोक्यात घोळत होता.

पुढचं मला मामांनी नंतर सांगितलं. कुलूप साधंच होतं, रोज दहा उघडतात तसलं. पण कित्येक रात्रींची झोप नव्हती. आकडा दोनदा सुटला. आतून जळल्याचा वास यायला लागला. त्या बाई रडकुंडीला आल्या होत्या. शेजारी जमले आणि प्रत्येकजण एकेक सल्ला देत होता. मामा म्हणाले, "मी डोळे मिटले तर मला आपलंच दार दिसत होतं." शेवटी त्यांनी पिशवी वळवली आणि बाजूच्या कप्प्याचं बक्कल काढलं. ड्रिल धरायला हात आत घातला तर बोटांना लोकर लागली. त्यांचाच मफलर. त्यात गुंडाळलेलं काहीतरी वीतभर, टणक.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दूध जळत होतं. ड्रिल काढलं, कुलूप फोडलं," मामा म्हणाले. "बाई पैसे देत होत्या. मला हात पुढं करायचंही सुचेना."

पाच वाजता ते घरात आले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी चपला काढल्या नाहीत. पिशवी मामींच्या पायाशी ठेवली, स्वतः जमिनीवर बसले आणि मफलर उलगडला. तुटक्या बोटाचा बाळ. दोन आठवडे तो मामांच्या खांद्यावरून रोज दुकानात गेला होता, बँकेत, दवाखान्यात, कुणाकुणाच्या दारात. आम्ही इकडे संडासाची टाकी बघत होतो.

"अगं, पिशवीत का ठेवलास याला?" मामांनी विचारलं.

मामींनी बाळाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "तुम्ही जाता ना रोज बाहेर," ती म्हणाली. "कोंडून घातलं की रडतो तो. म्हटलं, निदान त्याला तरी फिरवून आणाल."

मामांनी कुलपात एवढं तेल घातलं होतं. तिला तरीही कळत होतं. रोज सकाळी, रोज. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून ठेवला, कारण माझा रडण्याचा आवाज मला त्या दोघांना ऐकू द्यायचा नव्हता. बाहेर आले तेव्हा मामा तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसले होते आणि ती त्यांच्या केसांतून हात फिरवत होती. बहुतेक कुणाच्या केसांतून, ते तिला माहीत नसावं.

संध्याकाळी चर्चमध्ये मामी बाळाला मफलरसकट घेऊन पुढं गेली. तपकिरी मफलर, एका टोकाला ग्रीसचा डाग. गाणी बसवणाऱ्या बाईंनी नाक मुरडलं, ते मी पाहिलं. मामींनी एका हातानं मान धरली, दुसऱ्यानं गवत सारखं केलं आणि त्याला निजवलं. गाणं सुरू झालं. तिला एक शब्द आठवत नव्हता, पण चाल आठवत होती, आणि ती ज्या आवाजात गायली तो मी लहानपणी ऐकलेला आवाज होता. मामा तिच्या शेजारी उभे राहून रडत होते आणि हसत होते. मला आनंद झाला. इतका की घरी कुलूप आहे, याचा मला तेवढा वेळ विसर पडला. देव एका खोलीत कोंडलेल्यांकडेही येतो, असं फादर बोलून गेले. बाकीचं प्रवचन मी ऐकलंच नाही.

असं वाटेल की त्यानंतर मामांनी कुलूप काढून टाकलं. काढलं होतं. दोन दिवस मामींना दुकानात घेऊन गेले, स्टुलावर बसवलं, स्वतः बाहेर उभे राहून किल्ल्या कापल्या. तिसऱ्या दिवशी ते एका गिऱ्हाइकाशी बोलत असताना ती रस्त्यात उतरली. मोटारवाल्यानं वेळेत ब्रेक मारला म्हणून वाचली. त्या संध्याकाळी कुलूप परत लागलं. या वेळी मला सांगावं लागलं नाही. मलाही दुसरं काही सुचत नाही.

फक्त एक झालं. मामी आता रोज सकाळी मामांच्या पिशवीत काहीतरी ठेवते. कधी चमचा, कधी कंगवा, कधी एकच मोजा. बाजूच्या कप्प्यातच. मामांनी ड्रिल काढून घरी माळ्यावर टाकलं, तिला जागा व्हावी म्हणून. परवा मी दुकानावरून जात होते. मामा यंत्रावर वाकून किल्ली कापत होते आणि समोर फळीवर, रस्ता दिसेल असा, मामींचा चष्मा ठेवलेला होता.

"हा इथं कशाला?" मी विचारलं.

"आज तो आलाय," मामा म्हणाले. "संध्याकाळी ती विचारते ना, काय काय बघितलं म्हणून."