बंदराच्या चित्राची कापलेली पट्टी

कामरगावातलं जुन्या सामानाचं दुकान मी बैलबाजारातल्या दलालीवर एकट्याने उभं केलं. धाकट्या भावाला नंतर हाताशी घेतलं. त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गिऱ्हाईक फ्रेम बघतं, चित्र नाही. येईल ते चित्र फ्रेमच्या मापाने कापायचं.

एका घरातून बंदराचं चित्र आलं. तीन जहाजं, काठावर उघडी माणसं. अकोल्याच्या एका गिऱ्हाइकाने त्यावर भिंग धरलं. म्हणाला, "नवे मुलूख शोधायला निघालेले गोरे जहाजावर चित्रकार नेत. त्यातल्याच कोणाच्या चित्राची ही जुनी छापील प्रत. खाली बंदराचं, चित्रकाराचं नाव असतं. ती पट्टी कुठंय?"

मी भावाकडे पाहिलं.

"चुलीत घातली. फ्रेमीत बसत नव्हती."

"बिननावाचं बंदर घेऊन मी काय करू?" गिऱ्हाईक उठून गेलं.

"काहून कापलं रे?"

"तूच त शिकवलं, दादा. फ्रेम इकते म्हणे."

आणि तो हसला. फ्रेमची सागवानी पट्टी माझ्या हातात होती. पहिला घाव खांद्यावर, दुसरा उजव्या मनगटावर. सुकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. त्याने डाव्या हाताने काच उचलून माझ्या तोंडावर हाणली. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं, तरी मी थांबलो नाही. शेजाऱ्यांनी मला ओढलं तेव्हा तो चित्रावर पडला होता. जहाजांवर दोघांचंही रक्त.

दवाखान्यात त्याने शिडीवरून पडलो असं सांगितलं. मग अनसिंगला वेगळं दुकान थाटलं.

चित्र माझ्याकडेच राहिलं. मीही भिंग घेतलं. काठावर सौदा चाललाय. एकाच्या हातात मासे, गोऱ्याच्या हातात कापड, आणि मागे चौघे बंदुका रोखून. बंदूक रोखल्यावर कसला भाव? असा सौदा आपण कधी केला नाही, असं मला तोवर वाटायचं.

यंदा त्याला आणायला अनसिंगला गेलो.

"चाल घरी. काय पाहिजे ते माग."

त्याने खांद्यावरचा दुपट्टा आमच्या हातांवर टाकला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, कापडाखाली बोटं धरून सांगतात. त्याने उजवा हात दिला. दोन बोटं वाकलेली, दगडासारखी. आकडा कळेना.

"समजला का भाव?"

"नाही."

"मंग जाय."

ते मनगट त्याने चारचौघांत उघडं दाखवलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. कापडाखाली चाचपायला लावलं, ते मी अजून माफ केलेलं नाही.