बोंबलाच्या वासाची सिंगल माल्ट
धुरकट सिंगल माल्ट व्हिस्कीचं बूच काढलं की मला वरळी कोळीवाड्यातली ती दुपार आठवते. मी गिरगावातला, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. कोळ्याच्या मुलीला मागणी घालायला निघालो आणि घरी सांगितलं, लायब्ररीत जातो. तिच्या वडिलांना द्यायला वाटेत बाटली घेतली; दादरचा दुकानदार गोडसर चवीची पुढे करत होता, पण समुद्रावरच्या माणसाला खारट, धुरकटच आवडेल अशी माझी खात्री होती. तिच्या वडिलांनी पेला नाकाशी नेला आणि ओरडले, “अरे, हिला तर सुक्या बोंबलाचा वास येतोय!” त्यांनी बोट बुडवून आधी समुद्राचा मान म्हणून त्याच्या दिशेने दोन थेंब उडवले, सावकाश एक घोट घेतला आणि आत बायकोला हाक मारली, “अगो, जावयाला बोंबील भाज! बाटली बरोबर आणलीय त्याने.” मी जन्मात पहिल्यांदा बोंबील खाल्ला. संध्याकाळी घरी आईने माझा शर्ट हुंगला. “काय रे, लायब्ररीत बोंबील भाजतात वाटतं?” मग मी सगळं खरं सांगितलं. आजही बाटली निवडताना मी कुणाला विचारत नाही, नाकावर विसंबतो. पण ते खोटं अजून खुपतं, कारण आई पुढे एवढंच म्हणाली होती, “आधी सांगितलं असतंस, तर मीही आले असते.”