पत्ता एकच सांगा

"टीबी आहे, आक्का. म्हणजे क्षय. घाबरू नका, सहा महिने रोज गोळ्या घेतल्या की बरा होतो." बेळगावच्या डॉक्टरांनी एवढं सांगितलं, फॉर्म पुढं ओढला आणि विचारलं, "राहता कुठं?"

क्षयाला मी एवढी घाबरले नाही. अडखळले ती या प्रश्नाला.

अठराव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा सासरी अकरा माणसं होती. तिशीत वेगळी चूल मांडली, पोरं धरून चौघं झालो. पोरं नोकरीला लागून बाहेर पडली, मग आम्ही दोघंच. नवरा गेला आणि साठीनंतर माझं घर म्हणजे एक निळी बॅग झाली. एक महिना थोरल्या संजूकडं बेळगावच्या अनगोळात, एक महिना धाकट्या महेशकडं कोल्हापुरात. अमावस्या झाली की आईची पाळी बदलायची, असं दोघांनी बसून ठरवलं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही.

पाळी बदलायची निपाणीच्या स्टँडवर. संजू तिथपर्यंत आणून सोडायचा, तिथनं महेश घेऊन जायचा. निपाणी माझं गाव. चाळीस वर्षं तिथं विड्या वळल्या. स्टँडपासून दहा मिनिटांवर माझ्या दोन खोल्या कुलूप लावून पडलेल्या, किल्ली माझ्या कमरेला, आणि मी एका गाडीतनं उतरून दुसऱ्या गाडीत बसायची.

"अनगोळचा पत्ता लिहा," संजू डॉक्टरांना म्हणाला. तोच लिहिला.

पंचवीस दिवस गोळ्या नेमानं घेतल्या. खोकला कमी झाला, तोंडाला चव आली. मग अमावस्या आली. निघताना संजू हळूच म्हणाला, "आई, महेशला टीबीचं सांगू नको. दमा म्हण, मीबी तेच सांगतो. त्याचं बाळ ल्हान हाय, न्यायचा न्हाय तो तुला."

मी गोळ्यांची पिशवी पुन्हा त्याच्याच हातात दिली. व्हय, मीच दिली. पाकिटं बघून धाकटी सून ओळखील, असं वाटलं. शिवाय बरं वाटतच होतं की! तुमच्या हातनं ही चूक व्हायची असेल तर इथंच थांबा. बरं वाटणं आणि बरं होणं यात पाच महिने जायचे असतात.

त्या महिनाभर मी नातीला मांडीवर घेऊन बसले. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

परतीच्या पाळीला निपाणी स्टँडवर उतरले, खोकल्याची उबळ आली आणि रुमालात रक्त आलं. दोघं पोरं समोरच होती. मग मी सगळं सांगून टाकलं.

"दमा म्हणालतास की रं अण्णा!" महेश ओरडला. "माझी पोरगी खेळतीया तिच्या मांडीवर!"

भरल्या स्टँडवर भांडण जुंपलं. मला लई राग आला. "भांडण मागनं करा, आधी मला दवाखान्यात न्या," म्हटलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्प्युटम टेस्ट, म्हणजे थुंकीची तपासणी, पुन्हा करायला लावली. गोळ्या मधेच सोडल्या की जंतू निर्ढावतात, औषधाला जुमानत नाहीत. त्याला रेझिस्टन्स म्हणतात. तसं झालं तर औषध आणखी कडक. रिपोर्टची वाट बघत बाकड्यावर बसले, पण जीव माझ्यात नव्हता, नातीत होता. कोल्हापुरात तिचीही तपासणी झाली. देवाची कृपा, काही निघालं नाही. आजार होऊ नये म्हणून तिला औषध सुरू केलं. माझ्या थुंकीत जंतू होतेच, पण गोळ्यांना जुमानणारे.

"पहिल्यापासून सहा महिने," बाई म्हणाल्या. "आणि पत्ता एकच सांगा. अर्धं औषध इकडं, अर्धं तिकडं चालायचं नाही."

"माझ्याकडं," संजू म्हणाला. "माझ्याकडं," महेश म्हणाला.

मी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "लिहा बाई. राहणार निपाणी."

"एकटी? या वयात?" संजू म्हणाला. "लोक काय म्हणतील आम्हाला?"

"गोळ्या लोकांनी गिळायच्या न्हाईत, मी गिळायच्यात."

ट्रीटमेंट सपोर्टर लागतो म्हणाले, म्हणजे आपण गोळी गिळतोय का ते रोज बघणारं माणूस. माझी शेजारीण हसीना झाली. जन्मभर शेजारी बसून विड्या वळलेली बाई. तंबाखूची धूळ आता मला बंद, म्हणून ती विड्या वळायचं सूप बाहेर ठेवून आत यायची आणि दटावायची, "आ कर बघू. जिभेखाली ठेवलीस काय गं?" सुरुवातीला मळमळायचं, लघवी तांबडी व्हायची. घाबरू नका, तो औषधाचा रंग असतो. दोन वेळा मी चिडून गोळी भिरकावली, दोन्ही वेळा हसीनानं दुसरी हातावर ठेवली. तिचे उपकार मी कशानं फेडू?

सहाव्या महिन्याला थुंकी स्वच्छ निघाली. त्या दिवशी दोघं पोरं आली होती. नात ओसरीवर खेळत होती. चहा झाला आणि संजूनं सवयीनं माळ्यावरची निळी बॅग खाली काढली.

"आता अमावस्या झाली की पाळी कुणाची रं?" त्यानं महेशला विचारलं.

"तुझी," मीच म्हणाले. "पुढच्या अमावस्येला महेशची. बायकापोरं घेऊन यायचं, दोन दिवस ऱ्हायाचं. हातरुणं काढून ठेवलीत."

मी बॅग झटकली आणि संजूच्या हातात दिली.

"ही ने," म्हटलं. "येताना तुझी कापडं भरून आण."