घंटेला सांगितलेला इतिहास

चहा बशीत ओता, ऐसपैस बसा आणि माझी अब्रू कशी गेली ते ऐका. गेली तीही गुपचूप नाही हो! मांडव घालून, लाउडस्पीकर लावून, अख्ख्या गावासमोर गेली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिंदेवाहीच्या पुढच्या एका गावात मी शाळेत इतिहास शिकवायचो. नवाकोरा मास्तर, नोकरीत अजून कायम झालो नव्हतो. आणि मला लहानपणापासून एक खोड, बसल्या जागी उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघायची. आमची माय म्हणायची, "या पोट्ट्याले वरणभात वाढला तं हा त्यात तलाव पाह्यत बसते." आता असा माणूस इतिहासाकडे वळणार नाही तर कुठं वळणार, तुम्हीच सांगा!

आमच्या शाळेची घंटा इंग्रजांच्या राणीच्या काळातली. वैनगंगेकाठच्या ओताऱ्यांच्या कारखान्यात ओतलेली. एका उन्हाळ्यात तिला तडा गेला आणि ती फुटक्या मडक्यासारखी वाजायला लागली. त्याच घराण्यातले सोनूभाऊ ओतारी अजून घंटा ओतत होते. जुनी घंटा वितळवून त्याच धातूची नवी ओतायची असं ठरलं. ती टांगायला थेट शिक्षणाधिकारी साहेब येणार होते.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. "मेश्राम, नुसती घंटा टांगून काय होते? तिचा इतिहास पाह्यजे. कोणतं घराणं, कोणता काळ, झकास भाषण ठोका. साहेब खुश झाले तं तुमचं कायम व्हायचं काम झालंच समजा. अन् फसलं तं मले सांगू नका."

मी दुसऱ्याच सकाळच्या एसटीनं निघालो. चैत्राचे दिवस. सोनूभाऊंच्या अंगणाच्या कडेला मोहाची झाडं, खाली फुलांचा सडा, आणि त्या गोडसर वासात वितळलेल्या मेणाचा वास मिसळलेला. मेणाची घंटा करून तिच्यावर माती लिंपायची, भाजून मेण बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत कासं ओतायचं, अशी त्यांची रीत. सोनूभाऊ भात्याजवळ बसले होते. त्यांच्या बायको पार्बताबाई साच्याच्या मातीवर हात फिरवत होत्या. आंब्याला एक दाढीवाला बकरा बांधला होता, तो माझ्याकडे टक लावून बघत होता.

"गुरुजी, आज आलात काऊन?" सोनूभाऊ म्हणाले. "उद्या या ना. आज ओतकाम हाय. आज खरं काई सांगता येत नाई."

वा! काय हा विनय! मोठ्या घराण्यातली माणसं अशीच असतात, मी मनात म्हटलं. वर त्यांना म्हणालो, "सोनूभाऊ, जमेल तेवढं सांगा. बाकीचं मी समजून घेईन."

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

"बसा मंग," पार्बताबाई म्हणाल्या. "आता तुमची मर्जी."

आणि सुरू झालं! सोनूभाऊंच्या आज्याचा आजा, नाव गणबाजी. त्यानं म्हणे एवढी मोठी घंटा ओतली की तिच्या पोटात बैलगाडी वळायची. तिचा आवाज पार भामरागडला पोचला आणि तिथल्या संगमावरच्या तिन्ही नद्या ऐकत थांबल्या.

"थांबल्या?" मी विचारलं.

"मंग! मासे म्हणत, पाणी काऊन थांबलं बा?" सोनूभाऊ गंभीरपणे म्हणाले.

मी लगेच ताडलं, नद्या थांबल्या म्हणजे दुष्काळ. लोकांच्या आठवणीत दुष्काळ असाच उरतो ना! मग पार्बताबाईंनी वाघ आणला. तो रोज संध्याकाळी यायचा, शेपटीनं घंटा वाजवायचा आणि जायचा. मी ताडलं, वाघ म्हणजे कुणीतरी गोंड राजा. विद्वान माणसाला अडवणार कोण?

दुपार कलली. भाता सुस्कारे टाकत होता, मोहाची फुलं टपटप पडत होती, मुशीतलं कासं मावळतीच्या सूर्यासारखं लाल झालं होतं. माझे डोळे उघडे होते, पण मी तिथं नव्हतोच. मला गणबाजी दिसायला लागले. उंचेपुरे, पांढरे कल्ले, डोक्याला फेटा. पार्बताबाईंचा आवाज दुरून आल्यासारखा येत होता. राणीनं गणबाजींना विलायतेला बोलावलं. तिथल्या मोठ्या घड्याळाची घंटा त्यांनीच ओतली. राणी म्हणाली, राहा इथंच. पण अंबाडीची भाजी मिळेना, म्हणून बुवा परत आला. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कासं साच्यात गेलं आणि दोघं एकदम गप्प झाले. थकले असतील बिचारे, असं समजून मी शेवटची एसटी गाठली.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. पहिल्या रांगेत साहेब, त्यांच्या शेजारी शाल-नारळ घेऊन सोनूभाऊ आणि पार्बताबाई. मी उभा राहिलो आणि सुटलोच. दुष्काळ सांगितला, गोंड राजा सांगितला. पार्बताबाईंनी पदर तोंडावर धरला, खांदे हलायला लागले. रडतायत! पूर्वजांच्या आठवणीनं माउली रडतेय! मला आणखी चेव आला. जहाज निघतंय, मागं वैनगंगा हुंदके देतेय, जहाजावर राणीनं पाठवलेला पांढराशुभ्र घोडा उभा आहे! शेवटी मी टेबलावर मूठ आपटली. "आज विलायतेत दर तासाला जो टोला पडतो, तो आपल्या गणबाजींचा आहे!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! साहेबही टाळ्या वाजवत होते. मी मनातल्या मनात कायम झालो, पगारवाढ घेतली, सायकलही विकत घेतली.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "आता गणबाजींच्या वंशजांनी दोन शब्द बोलावेत."

सोनूभाऊ उठले. शाल सावरली, माइककडे जरा घाबरून पाहिलं.

"साहेब, गुरुजीनं सांगतलं ते आमीच सांगतलं होतं. पण ते गुरुजीले नोहतं सांगतलं, घंटीले सांगतलं होतं."

हेडमास्तरांची मान माझ्याकडे वळली.

"आमच्या घरची रीत हाय. ओतकाम चालू असते तवा खरं बोलाचं नाई. जो येईन त्याले खोट्यातलं खोटं सांगाचं. नजर लावनारा गोष्टीत गुतते, धातूकडं पाह्यतच नाई. मंग घंटीले तडा जात नाई. मी गुरुजीले पह्यलेच बोललो होतो, आज खरं सांगता येत नाई म्हणून."

बोलले होते हो! शब्दन् शब्द बोलले होते!

"अन् गणबाजी," मागून पार्बताबाईंनी जोडलं, "आमच्या बकऱ्याचं नाव हाय."

मांडव कोसळायचाच बाकी राहिला. पोरं बाकांवर उभी राहून हसत होती. मी टेबलाखाली जागा आहे का ते बघत होतो.

"पण येक सांगतो," सोनूभाऊंनी हात वर केला, "तो घोडा आमी नोहता सांगतला बा! तो गुरुजीचाच हाय."

हसून हसून साहेबांचा चष्मा पडला. तसेच डोळे पुसत त्यांनी घंटेची दोरी ओढली.

आणि काय सांगू! तो आवाज मांडवातून निघाला, शेतावरून गेला, सागवनात शिरला आणि कितीतरी वेळ तिथं फिरत राहिला. बाकांवर चढलेली पोरं खाली उतरून ऐकायला लागली. कुठं म्हणजे कुठं चीर नव्हती त्या आवाजात. इतका सुंदर टोला मी आयुष्यात ऐकला नव्हता. एवढी फजिती झालेली, तरी उघड्या डोळ्यांनी मी पुन्हा तिकडंच पोचलो. जहाज दिसलं, घोडा दिसला...

हेडमास्तरांनी कोपर मारलं. "मेश्राम, उतरा आता जहाजावरून."

कार्यक्रमानंतर मी तोंड लपवत सोनूभाऊंना गाठलं. "भाऊ, निदान आता तरी खरं सांगा. तुमच्या घराण्याचा इतिहास काय?"

"खरं? आज्याचा आजा घंट्या ओते, आजा ओते, बाप ओते, मी ओततो. नाव कोनाले आठवते? खोट्या गोष्टी मात्र सगळ्या त्याईच्याच हायेत, पार नद्या थांबल्या तवापासूनच्या."

मला एकदम भरून आलं. म्हणजे त्या दुपारी मी ऐकला तो इतिहासच होता की! पण हे आता साहेबांना सांगायची छाती कुणाला होती?

सोनूभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घंटी कशी वाजली पाह्यलं ना? तुमच्यासारखा ऐकनारा आमाले भेटला नोहता. अन् आता तं घोडा बी तुमच्यापाशी हाय. पुढच्या ओतकामाले या. आमची गोष्ट संपली का तुमी सुरू करा."

शाळेनं माझ्याकडचा इतिहास काढून घेतला आणि गणित दिलं. तिथं कायम व्हायला पुढं बरीच वर्षं गेली. सोनूभाऊंच्या भट्टीवर मात्र मी त्याच दिवशी कायम झालो.