काचेवरचं गंध

जुन्या बाजारात अनोळखी माणसांचे फोटो विकायला येतात, ते मी जमवतो. काल एक फ्रेम केलेला आणला, माझ्याच वयाच्या एका गृहस्थांचा. गॅलरीत बसून ओल्या फडक्याने काच पुसत होतो, तेवढ्यात बायको, सुनंदा, म्हणाली, "अहो, थांबा. ते गंध आहे."

कपाळाच्या जागी काचेवर वाळलेल्या गंधाचा थर होता. त्यातला अर्धा मी मळ समजून पुसून टाकला होता. कुणीतरी रोज आंघोळ झाल्यावर बोटाने ते गंध लावलं असणार. पुसायला मला क्षणही लागला नाही.

माझा कॅन्सर इतका दुर्मीळ आहे, की किती जण वाचतात असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, प्रमाण काढण्याइतके रुग्णच नाहीत. आकड्यांवर भिस्त ठेवणाऱ्या माणसाला हे अवघड जातं. तेव्हापासून मी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेलो नाही. माझा फोटो पुढे कशासाठी लागेल ते मला कळत होतं, आणि सुनंदाच्या मनात ते येऊ नये म्हणून मी टाळत होतो. पण तिच्या मनात ते केव्हाच आलं होतं. फक्त मी तिला ते बोलू दिलं नव्हतं.

"परक्यांची गेलेली माणसं घरात आणता," ती म्हणाली, "आणि स्वतःचा एक फोटो काढू देत नाही."

मी फडकं खाली ठेवलं. "शर्ट बदलून येतो."

"नको," मोबाइल शोधत ती म्हणाली, "हाच असू दे. यात तुम्ही घरातले वाटता."