फेलिझमिनाचा हॉर्न

माझी वहिनी फेलिझमिना एकतीस वर्षं पावाची गाडी चालवते. भट्टी माझी, गाडी तिची. मी भाजतो, ती विकते, आणि गिऱ्हाइकांची बोलणी दोघांच्या वाटणीला येतात. मक्याचा पाव कच्चा राहिला तर मला, गाडीला उशीर झाला तर तिला. माझा थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, फ्रान्समध्ये बांधकामावर असतो. ऑगस्टात तीन आठवडे घरी येतो आणि धंदा कसा करावा ते आम्हाला शिकवून जातो.

तिच्या रस्त्यावर सात वस्त्या आहेत, सगळ्या सीमेला लागून. शेवटची पेद्राल्वा. तिथे डांबर संपतं, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडे स्पेन. पेद्राल्वात चौतीस घरं, त्यातल्या नऊ घरांत माणसं राहतात, आणि त्यांत सत्तरीच्या आतलं कुणी नाही. वहिनी हौदापाशी गाडी उभी करून हॉर्न देते, दोन तोकडे आणि एक लांब. मग दारं उघडतात. पावाबरोबर ती औषधं देते, विजेची बिलं वाचून दाखवते, एखादं दार उघडलं नाही तर जाऊन बघते. अशी बघायला गेल्यावर दोनदा तिला माणूस गेलेला सापडला. मी चिडवायचो, "वहिनी, तू पाव विकतेस की हजेरी घेतेस?"

"हजेरीच घेते, भाऊजी. पाव आपलं निमित्त."

स्पेनकडून ना चांगला वारा येतो ना चांगली सोयरीक, असं आमच्याकडे म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात पाच दिवस वारा तिकडूनच येत होता आणि त्याबरोबर धूर. दुपारी बारा वाजता दिवे लावायची वेळ आली. भट्टीतून पाव काढला तरी त्याला डोंगराचा वास. गिऱ्हाइकं नाक मुरडायची, जसा काही डोंगर मीच पेटवला होता. रात्री डोळ्याला डोळा नाही, सकाळी घसा बसलेला. सहाव्या दिवशी आग ओढा ओलांडून अलीकडे आली. आमचे सगळे बंब दुसऱ्या डोंगराला अडकलेले. मग मदत आली ती स्पेनकडूनच. दोन बंब, अकरा माणसं, आणि त्यांचा प्रमुख आन्शो, चाळिशीचा, डोळे लाल, आवाज गेलेला. सीमेपलीकडचा असला तरी त्याची बोली आम्हाला कळते.

पोलीस दुपारी पेद्राल्वात भोंगा फिरवून आले होते. येताना दोनच म्हातारी माणसं घेऊन आले. रस्ता माझ्या दुकानासमोर अडवला होता, तिथे आन्शोनं विचारलं, "वर आणखी कोण आहे?"

"कुणी नाही," पोलीस म्हणाला. "सगळ्या दारांना कुलपं."

वहिनी दुकानाच्या पायरीवर बसली होती. तिथूनच म्हणाली, "नऊ जण आहेत." आणि नऊ नावं सांगितली.

आमच्या लोकांची ही जुनी खोड. पोलीस न्यायला आले की दाराला बाहेरून कुलूप लावायचं, गोठ्याच्या बाजूनं आत शिरायचं आणि चिडीचूप बसायचं. त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. निखारे उडून येतात तेव्हा नळी घेऊन कुणी उभं असलं तर घर वाचतं, आणि बंद घर आधी जळतं. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

"अर्धा तास आहे माझ्याकडे," आन्शो म्हणाला. "एकेक दार फोडत बसलो तर कुणीच वाचणार नाही."

वहिनीनं गाडीची किल्ली घेतली. मी शेजारी बसलो ते काही शूर म्हणून नव्हे. तिला एकटीला पाठवून भावाला काय तोंड दाखवलं असतं?

बंब आमच्या मागोमाग निघाले. हौदापाशी तिनं हॉर्न दिला. दोन तोकडे, एक लांब. एकतीस वर्षांची सवय, पाय आपोआप निघाले. आधी झुल्मिरामावशी, हातात नाण्यांचा बटवा आणि तोंडात बोलणी, "आज वेळ सापडला का गं तुला?" मग एकामागून एक बाकीचे. आन्शोची माणसं त्यांना हाताला धरून बंबात बसवत होती. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू? पाखरांना दाणे टाकून धरावं तसं चाललं होतं.

राहिले अबिलियुकाका, झुल्मिरामावशींचे थोरले भाऊ. त्र्याऐंशी वर्षांचे. अंगणात नळी धरून उभे होते, शर्ट भिजलेला.

"पाव कठड्यावर ठेव आणि जा," ते म्हणाले.

"काका, चला."

"घर कुणावर टाकून? तुझ्यावर?"

मागचं चेस्टनटचं रान पेटल्याचा आवाज येऊ लागला होता. वहिनी म्हणाली, "ही माणसं आहेत, पंप आहे. तुमच्या घराला काही होणार नाही. माझा शब्द."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, नळी खाली ठेवली, नळ बंद केला आणि आले.

संध्याकाळी आन्शो स्वतः सांगायला आला. पिठाच्या पोत्यावर बसला. वारा फिरला, म्हणाला, पाणी संपत आलं होतं, राहत्या घरांतली आठ राखली, एक गेलं, अबिलियुकाकांचं. माळ्यावर चारा होता. वहिनीनं त्याच्यासमोर पाव आणि चीज ठेवलं. त्यानं पाव मोडला, हातात धरला, पण खाल्ला नाही. ऐंशी मैल गाडी हाकून परक्या मुलखात आगीत शिरलेला माणूस माझ्या वहिनीची माफी मागत होता. वहिनी म्हणाली, "शब्द मी दिला होता, तुम्ही नाही."

अबिलियुकाका गावातल्या वृद्धाश्रमात गेले. ती दर रविवारी त्यांना भेटायला जायची. ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदाच बोलले. "स्पेनच्या लोकांवर माझा राग नाही, ते परके. बाहेर बोलावलंस ते तू." फेब्रुवारीत ते गेले. लोक तिला सांगायचे, अगं, तू त्यांना वाचवलंस. ती ऐकून घ्यायची आणि गाडी धुवायला लागायची. ती त्या वर्षात दहा वर्षांनी म्हातारी झाली, हे मी समोर राहून पाहिलं.

आणि पेद्राल्वातली दारं पहिल्यासारखी उघडेनात. हॉर्न वाजला की आधी खिडकी किलकिली व्हायची. आभाळ कसं आहे ते पाहायचे, मगच बाहेर.

या वर्षी धूर आमच्याच बाजूनं उठला. पुन्हा ओढ्यापलीकडून आन्शोचे बंब आले. पोलिसांचा साहेब हसत वहिनीला म्हणाला, "बाई, मागच्यासारखा हॉर्न द्या की. छान जमलं होतं."

माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "हॉर्न नाही." याही वेळी मी शेजारी बसलो. वर जाऊन तिनं गाडी हौदापाशी लावली, उतरली आणि गोठ्यांच्या बाजूनं घरोघर चालत गेली. प्रत्येक दाराशी एकच सांगायची. पाव आणलेला नाही, आग येतेय, घराचं काय होईल ते माहीत नाही, चला. दोघं शिव्या देत निघाले, एकीला रडू आलं, पण सगळे आले. राहिल्या झुल्मिरामावशी.

त्या स्वयंपाकघरात अंधार करून बसल्या होत्या.

"पाव आणलास की धूर?"

"धूर, मावशी."

"घर वाचेल?"

"माहीत नाही."

"मागच्या वर्षी तर माहीत होतं तुला."

"तेव्हाही नव्हतं."

"मग मी बसते," मावशी म्हणाल्या.

दारातून आन्शोनं दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. मी ओरडलो, वहिनी, उचल त्यांना! तिनं दुसरी खुर्ची ओढली आणि मावशींसमोर बसली.

"मी थकले, मावशी. तुम्हाला खाली नेऊन मग घर गेल्याची बातमी द्यायची ताकद आता माझ्यात नाही. तुम्ही बसणार असाल तर मीही बसते."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती धाक घालत नव्हती. ती खरंच उठणार नव्हती.

वर छपरावर निखारे टपटप पडत होते.

"हे अबिलियुला सांगायचं होतंस," मावशी म्हणाल्या आणि मला उठव म्हणून वहिनीपुढे हात केला.